अवघड जागेचं दुखणं आणि चुंबकाची टिकटिक

"अवघड जागी दुखणं आणि जावई वैद्य" ही म्हण मराठी माणसाला समजावून सांगावी लागत नाही. दुखणं खरं आहे, वैद्य घरातच आहे, तरी तोंड उघडत नाही. आपल्या भाषेत या विषयावर बोलायला शब्द कमी नाहीत: परसाकडे, बहिर्दिशेला, शौचाला, प्रातर्विधी. पण प्रत्येक शब्द मूळ गोष्टीपासून दोन पावलं लांब उभा राहतो. परस म्हणजे घरामागची जागा, बहिर्दिशा म्हणजे बाहेरची दिशा आणि शौच म्हणजे तर शुद्धी! डॉक्टरांसमोर बसलो की आपण इंग्रजीचा पडदा ओढतो आणि "मोशन होत नाही" असं म्हणून मोकळे होतो.

साहित्य मंडळाच्या अंकात हा विषय कशाला, असं कुणी विचारेल. एक कारण वर आलंच: हा शब्दांचाही प्रश्न आहे. दुसरं कारण असं की हा आजार बहुतेकदा तरुण वयातच डोकं वर काढतो, म्हणजे आपल्याच वयात. आणि तिसरं, "चुंबकाने पोट साफ" अशा अर्थाच्या बातम्या आणि जाहिराती आता मोबाइलवर दिसू लागल्या आहेत. त्यातलं काही खरं आहे, काही अर्धवट आहे आणि काही चक्क थाप आहे. ते वेगवेगळं कसं करायचं, एवढंच या लेखात पाहू.

थोडक्यात उत्तर आधीच सांगते. चुंबकाच्या ठोक्याने मज्जातंतू नक्की जागे होतात. त्यामुळे आतडी काही वेळा हलतात. पण पेशंटला बरं वाटलं, तर ते नेमकं कशामुळे वाटलं हे शोधणं सगळ्यांत कठीण आहे. लेखाचा मुख्य मुद्दा हाच आहे.

आयबीएस म्हणजे साधी बद्धकोष्ठता नव्हे

दोन दिवस पोट साफ झालं नाही म्हणजे आयबीएस झाला असं नाही. आयबीएस, म्हणजे इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, ओळखण्यासाठी डॉक्टर 'रोम निकष' वापरतात. 2016 च्या चौथ्या आवृत्तीनुसार गेले तीन महिने आठवड्यातून सरासरी किमान एक दिवस पोटात दुखायला हवं आणि त्या दुखण्याचा शौचाशी संबंध हवा. म्हणजे जाऊन आल्यावर दुखणं कमीजास्त होणं, जाण्याच्या वेळा बदलणं किंवा मलाचं स्वरूप बदलणं, यांपैकी किमान दोन गोष्टी. शिवाय त्रास सुरू होऊन सहा महिने तरी झालेले हवेत. दुखणं नसेल तर तो आयबीएस नाही, नुसती बद्धकोष्ठता.

मलाच्या स्वरूपासाठी डॉक्टरांकडे चक्क एक तक्ता असतो. इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरात तयार झाला म्हणून त्याला ब्रिस्टल तक्ता म्हणतात. त्यात सात प्रकार आहेत. पहिला सुट्या कडक खड्यांचा आणि सातवा पाण्यासारखा. ज्यांचा त्रास मुख्यतः पहिल्या दोन प्रकारांतला असतो, त्यांच्या आजाराला 'बद्धकोष्ठता असलेला आयबीएस' म्हणतात. मला या तक्त्याचं कौतुक वाटतं ते वेगळ्याच कारणासाठी. पेशंटने तोंडाने काही वर्णन करायची गरजच ठेवलेली नाही. बोट ठेवायचं आणि "हा, दुसरा" म्हणायचं.

हा आजार किती जणांना असतो? 33 देशांत झालेल्या आणि 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत, इंटरनेटवरून उत्तरं दिलेल्या लोकांपैकी सुमारे 4 टक्के लोक या निकषांत बसले. म्हणजे पन्नास जणांच्या वर्गात दोघं.

त्या दोघांची खरी अडचण पुढे आहे. रक्त, सोनोग्राफी, दुर्बीण, सगळ्या तपासण्या केल्या तरी रिपोर्ट बहुतेकदा नॉर्मल येतात. मग घरचे म्हणतात, "काही नाही तुला, मनाचे खेळ आहेत." पण हे मनाचे खेळ नाहीत. 1973 साली रिची नावाच्या इंग्रज डॉक्टरांनी लोकांच्या मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागात एक छोटा फुगा ठेवून त्यात हवा भरून पाहिली. 60 मिलीपर्यंत फुगवल्यावर आयबीएस नसलेल्यांपैकी जेमतेम 6 टक्के लोकांना दुखलं. आयबीएस असलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त लोकांना. फुगा तोच, हवा तितकीच. आतड्याकडून मेंदूकडे जाणारा निरोपच मोठ्या आवाजात जात होता.

पोटात गोळा का येतो

हा निरोप नेणारी यंत्रणा समजली, की चुंबकाचं काम आपोआप समजेल.

1899 साली लंडनमध्ये बेलिस आणि स्टार्लिंग या दोघा शास्त्रज्ञांनी कुत्र्याच्या आतड्याला बाहेरून येणारे सगळे मज्जातंतू तोडले आणि मग आतडं आतून डिवचलं. तरीही डिवचलेल्या जागेच्या वरचा भाग आवळला आणि खालचा सैल पडला, म्हणजे आतला माल पुढे सरकायची तयारी झाली. मेंदूचा हुकूम नसताना आतडं आपलं काम जाणत होतं. कारण आतड्याच्या भिंतीतच 10 ते 50 कोटी मज्जापेशींचं जाळं असतं. म्हणूनच अनेक जण त्याला 'दुसरा मेंदू' म्हणतात.

पण हा दुसरा मेंदू पहिल्याशी सतत बोलत असतो. वरून वेगस नावाची लांबलचक नस येते आणि जठरापासून मोठ्या आतड्याच्या मधल्या भागापर्यंत पोचते. खालच्या भागाचा कारभार कंबरेखालच्या मज्जातंतूंकडे असतो. माकडहाडाच्या वर जे तिकोनी हाड असतं, त्याला त्रिकास्थी म्हणतात. त्याच्या छिद्रांतून बाहेर पडणाऱ्या दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या जोडीचे मज्जातंतू गुदाशय, ओटीपोटाखालचे स्नायू आणि गुदद्वाराचा झडपेसारखा स्नायू सांभाळतात. कधी धरून ठेवायचं आणि कधी सोडायचं, ते इथून ठरतं.

ही ये-जा मराठी भाषेने शास्त्रज्ञांच्या कितीतरी आधी टिपली आहे. भीती वाटली की पोटात गोळा येतो, वाईट बातमी ऐकली की पोटात कालवतं, दुसऱ्याचं भलं झालं की काहींच्या पोटात दुखतं, आणि मनापासून बोलणारा माणूस पोटतिडकीने बोलतो. परीक्षेच्या सकाळी वसतिगृहाच्या मागच्या बाजूला किती वर्दळ असते, ते तर आपल्याला ठाऊकच आहे.

चुंबक स्वतः काहीच करत नाही

आता चुंबकाकडे वळू. इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवायची, बाकी विसरलं तरी चालेल: स्थिर चुंबक मज्जातंतूला हात लावत नाही.

1831 साली मायकेल फॅरेडेंनी दाखवून दिलं, की चुंबकीय क्षेत्र *बदललं* तर जवळच्या तारेत वीज वाहते. बदल थांबला, वीज थांबली. आपल्या घरची वीज तयार होते ती याच तत्त्वावर. आपलं शरीर खारट पाण्याने भरलेलं, म्हणजे तेही वीजवाहक. मग शरीराजवळ क्षेत्र झटकन बदललं तर आतही वीज उठायला हवी. 1896 मध्ये फ्रान्सच्या दार्सोनव्हाल यांनी डोकं तारेच्या मोठ्या वेटोळ्यात घालून पाहिलं, तर डोळ्यांपुढे प्रकाशाचे कवडसे दिसले. पुढे 1985 मध्ये इंग्लंडमधल्या शेफील्डला अँथनी बार्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डोक्यावर कॉइल धरून एक ठोका दिला आणि माणसाचा हात आपोआप उडाला. कवटी उघडायची गरज पडली नाही, टोचायचीही नाही. 2008 साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने औषधांना दाद न देणाऱ्या नैराश्यासाठी या उपचाराला परवानगी दिली. आज भारतातल्या मोठ्या शहरांतही मानसोपचारात तो वापरला जातो.

कॉइल म्हणजे तांब्याच्या तारेचं वेटोळं. तिच्यातून हजारो अँपिअरचा प्रवाह एका मिलिसेकंदापेक्षाही कमी वेळ सोडतात. कॉइलच्या तोंडाशी क्षेत्र साधारण दीड टेस्लापर्यंत जातं आणि लगेच शून्यावर येतं. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र याच्या जवळजवळ तीस हजाराव्या भागाइतकं असतं. दीड टेस्ला म्हणजे एमआरआय मशीनच्या चुंबकाइतकी ताकद. पण त्या मशीनच्या चुंबकात नुसतं पडून राहिलं म्हणून कुणाचा हात उडत नाही, कारण ते क्षेत्र एका जागी स्थिर असतं. ताकदीइतकाच बदलाचा वेग महत्त्वाचा.

यावरून बाजारातल्या चुंबकी पट्ट्यांचा, कड्यांचा आणि 'मॅग्नेटिक' पाण्याच्या बाटल्यांचा निकाल लागतो. त्यांतला चुंबक दुबळा असतो आणि मुख्य म्हणजे तो बदलत नाही. कंबरेला महिनाभर बांधला तरी त्याने आतड्याच्या मज्जातंतूंत ठोका उठणार नाही. पट्टीची जाहिरात आणि दवाखान्यातलं मशीन या दोन्हींना 'चुंबक-चिकित्सा' असं एकच नाव चिकटतं. घोटाळा तिथेच होतो.

डोक्यावरून कंबरेवर

त्रिकास्थीचे मज्जातंतू विजेने उत्तेजित करायची कल्पना जुनी आहे. त्यासाठी त्वचेखाली पेसमेकरसारखं छोटं यंत्र बसवतात आणि त्याची तार मज्जातंतूपाशी सोडतात. लघवीवर ताबा न राहणाऱ्यांसाठी अमेरिकेत 1997 मध्ये आणि शौचावर ताबा न राहणाऱ्यांसाठी 2011 मध्ये त्याला मान्यता मिळाली. पण ही शस्त्रक्रिया आहे; खर्च आणि जंतुसंसर्गाचा धोका दोन्ही आलेच. मग हेच काम बाहेरून, चुंबकाच्या ठोक्याने करता येईल का, हा प्रश्न साहजिकच पुढे आला.

प्रत्यक्षात उपचार दिसायला अगदी साधा असतो. पेशंट कपड्यांसकट पालथा किंवा कुशीवर झोपतो, कॉइल कंबरेखाली टेकवतात आणि टिक, टिक, टिक असे ठोके सुरू होतात. आवाज मोठा असतो म्हणून कानात बोळे देतात. प्रत्येक ठोक्याला आतले स्नायू किंचित आवळल्यासारखे वाटतात. असं काही मिनिटं, आठवड्यातून ठरावीक दिवस, काही आठवडे.

याचे परिणाम काय? मणक्याला इजा झालेल्या लोकांवर अमेरिकेत झालेल्या आणि 2001 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, अन्नाचा उरलेला भाग मोठ्या आतड्यातून बाहेर पडायला लागणारा सरासरी वेळ सुमारे 105 तासांवरून 89 तासांवर आला. 2009 मध्ये तैवानच्या डॉक्टरांनी पार्किन्सनच्या पेशंटच्या बद्धकोष्ठतेवर असाच प्रयोग केला. तिथेही आतड्याचा वेग वाढलेला दिसला. अमेरिकेतल्या ऑगस्टा विद्यापीठात डॉ. सतीश राव यांच्या गटाने उलट्या तक्रारीवर, म्हणजे शौच धरून ठेवता न येण्यावर, 33 पेशंटना सहा आठवडे हा उपचार दिला. सेकंदाला 1, 5 आणि 15 अशा तीन वेगांचे ठोके देऊन पाहिले. सरस कोणता ठरला? सर्वांत संथ, सेकंदाला एक.

हा निकाल दोन कारणांसाठी लक्षात ठेवण्यासारखा आहे. धरणं आणि सोडणं ही दोन्ही कामं त्याच मज्जातंतूंची, त्यामुळे ठोक्यांचा वेग आणि जागा बदलली की परिणामही बदलू शकतो. आणि "जास्त ठोके, जास्त गुण" हे गणित इथे चालत नाही. बद्धकोष्ठता असलेल्या आयबीएसवर त्रिकास्थीपाशी चुंबकीय ठोके देण्याचे प्रयोग अलीकडे मुख्यतः चीनमध्ये होत आहेत. त्यांत आशा वाटावी असं काही दिसतं, पण पेशंट थोडे आणि मुदत आठवड्यांची. त्यावरून "पी हळद आणि हो गोरी" असं म्हणता येत नाही.

लुटुपुटूची कॉइल

आता लेखाच्या सुरुवातीला म्हटलेल्या कठीण भागाकडे येऊ. समजा दहा पेशंटना ठोके दिले आणि सहा जणांना बरं वाटलं. यश मिळालं म्हणायचं का?

2008 मध्ये टेड कॅपचुक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत 262 आयबीएस पेशंटवर केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. एका गटाला काहीच दिलं नाही, नुसतं थांबायला सांगितलं. दुसऱ्या गटाला खोट्या सुयांचं अ‍ॅक्युपंक्चर दिलं; सुई टोचतेय असं वाटायचं, पण ती आत जात नसे. तिसऱ्या गटाला तेच खोटं अ‍ॅक्युपंक्चर, पण देणारा माणूस आधी निवांत बसून त्यांचं सगळं ऐकून घ्यायचा, आस्थेने बोलायचा. तीन आठवड्यांनी "पुरेसा आराम आहे" असं म्हणणारे पहिल्या गटात 28 टक्के, दुसऱ्यात 44 टक्के आणि तिसऱ्यात 62 टक्के होते. औषध कुणालाच दिलेलं नव्हतं!

याच गटाने 2010 मध्ये पुढची कमाल केली. 80 पेशंटपैकी निम्म्यांना गोळ्या देताना स्पष्ट सांगितलं, की यात औषध नाही. तरीही त्यांच्यापैकी 59 टक्क्यांना बरं वाटलं. गोळ्या न घेणाऱ्यांपैकी 35 टक्क्यांना.

याचा अर्थ आयबीएसचे पेशंट भोळे किंवा खोटारडे आहेत असा मुळीच नाही. मेंदू आणि आतडं एकमेकांशी बोलत असतील, तर धीर, काळजी आणि आशा हे निरोपसुद्धा त्याच वाटेने खाली जाणार. पण त्यामुळे कुठल्याही नव्या उपचाराची परीक्षा अवघड होते. मोठं मशीन, पांढरा कोट, टिकटिक आवाज आणि रोज अर्धा तास कुणीतरी आपल्याकडे लक्ष देतंय, एवढ्यानेच बरं वाटू शकतं. "चमत्कार तिथे नमस्कार" हा आपला स्वभाव आहेच.

म्हणून चांगल्या प्रयोगात एका गटाला खरी आणि दुसऱ्याला लुटुपुटूची कॉइल लावतात. ती दिसते तशीच, वाजते तशीच, पण ठोका आत पोचत नाही. इथेही पंचाईत आहे. खऱ्या ठोक्याला स्नायू उडतो, खोट्याला नाही. ज्याला फरक कळला त्याने ओळखलंच. त्यामुळे हे सोंग किती जमलं होतं, हेही प्रयोगात पाहावं लागतं.

त्वचेखालच्या यंत्राचं काय झालं ते पाहा. सुरुवातीला बद्धकोष्ठतेवरही त्याचे निकाल उत्साहाचे होते. मग 2015 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या आणि 2017 मध्ये फ्रान्समधल्या प्रयोगांत पेशंटला कळू न देता यंत्र काही काळ चालू आणि काही काळ बंद ठेवलं. चालू आणि बंद यांत म्हणावा असा फरक दिसला नाही. मज्जातंतू तेच, त्रिकास्थी तीच. चुंबकाच्या ठोक्यांना ही परीक्षा मोठ्या संख्येवर अजून द्यायची आहे.

तोवर काय करायचं

आधी डॉक्टरांना भेटायचं, आणि काही लक्षणांसाठी तर थांबायचंच नाही: मलातून रक्त, वजन आपोआप घटणं, अ‍ॅनिमिया, झोपेतून उठवणारं दुखणं, घरात कुणाला आतड्याचा कर्करोग असणं. हे आयबीएसच्या खात्यावर टाकून मोकळं होऊ नये.

ज्या उपायांना चांगला आधार आहे, ते गाजावाजा न करता उपलब्ध आहेत. इसबगोल त्यातला एक. अमेरिकेच्या पोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेने 2021 मध्ये आयबीएससाठी इसबगोलासारख्या पाण्यात विरघळणाऱ्या तंतूंची शिफारस केली. गव्हाच्या कोंड्यासारख्या न विरघळणाऱ्या तंतूंची केली नाही. इसबगोल थोड्या प्रमाणात सुरू करून हळूहळू वाढवायचं आणि सोबत पाणी भरपूर प्यायचं. त्यापुढे डॉक्टरांकडे औषधंही आहेत. काही जणांचे ओटीपोटाखालचे स्नायू जोर करताना सैल होण्याऐवजी आवळतात. त्यांना बायोफीडबॅक नावाचं प्रशिक्षण देऊन योग्य सवय लावता येते. अशा माणसाने चुंबकाकडे जाण्याआधी ही तपासणी करून घेतलेली बरी.

वसतिगृहात राहणाऱ्यांसाठी एक साधी गोष्ट. न्याहारी पोटात गेली की मोठं आतडं आपोआप हलू लागतं. ती वेळ आपण रांगेपायी, पहिल्या तासापायी किंवा दाराबाहेर कुणी बादली आपटतंय म्हणून दाबून टाकतो. रोज दाबली की गुदाशय तो निरोप देणंच कमी करतो. अर्धा तास लवकर उठणं कंटाळवाणं खरं, पण फुकट आहे.

आणि कुणी चुंबकीय उपचार सुचवलाच, तर पुढचे प्रश्न विचारायला लाजू नका. मशीन ठोके देणारं आहे की नुसता स्थिर चुंबक आहे? माझ्या आजारासाठी त्याला मान्यता आहे, की दुसऱ्या आजाराची मान्यता दाखवली जातेय? लुटुपुटूच्या कॉइलशी तुलना झाली आहे का, आणि किती पेशंटवर? ठोके थांबल्यावर गुण किती दिवस टिकला? आधीचे साधे उपाय नीट करून झालेत का? पेसमेकर, कानातलं कॉक्लिअर इम्प्लांट, कंबरेजवळचं धातूचं यंत्र किंवा गरोदरपण असेल, तर हे आधीच सांगायचं. अशांना हा उपचार सहसा देत नाहीत. प्रयोगात भाग घेण्यासाठी विचारलं, तर लेखी संमती मागितली जायला हवी आणि पैसे घेतले जायला नकोत.

कॅपचुक यांच्या त्या तिसऱ्या गटाकडे मी पुन्हा पुन्हा वळते. 44 आणि 62 यांच्यामधले 18 टक्के कुठल्याही यंत्राने मिळवलेले नाहीत. कुणीतरी बसून ऐकून घेतलं, त्याचे ते आहेत. आपली रूममेट तासभर आत असते म्हणून तिच्यावर विनोद करणाऱ्या आपण सगळ्यांनी हा आकडा वाचायला हवा. तिला "डॉक्टरकडे जायचं का, मी येते सोबत" असं विचारायला ना कॉइल लागते, ना जावई वैद्य.